विधानसभा स्थगित

पिठलं दुसऱ्यांदा बुडाला लागलं तेव्हा विमल खाटेवरून म्हणाली, "राज्याचा कारभार पार कोलमडलाय."

यादवने कढई खाली उतरवली. "केंद्राची मदत सुरू आहे ना."

तो सातपूरच्या पोस्टात कारकून, म्हणून केंद्राचा माणूस. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवायची, म्हणून राज्याची. लग्नाला अठरा वर्षं झाली तरी ही चेष्टा चालूच होती. बाजार, विजेचं बिल, सायकल केंद्राकडे. स्वयंपाकघर राज्याकडे. तिथे यादवने मिठाचा डबा जरी सरकवला तरी ती म्हणायची, "अहो, राज्याच्या अधिकारात ढवळाढवळ नको."

दुसऱ्या दिवशी तिला पोटाच्या ऑपरेशनसाठी दाखल व्हायचं होतं. गाठ मोठी आहे, उशीर झालाय, असं डॉक्टरांनी यादवला बाजूला घेऊन सांगितलं होतं. त्याने ते तिला सांगितलं नव्हतं. तिने विचारलंही नव्हतं.

ऐंशी सालचा मार्च होता. महाराष्ट्रात राष्ट्रपती राजवट होती. जेवण झाल्यावर यादवने कॅलेंडरचं फेब्रुवारीचं पान फाडलं, पाठीमागे काहीतरी लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, "आजपासून या स्वयंपाकघरात राष्ट्रपती राजवट. विधानसभा बरखास्त."

"बरखास्त?" ती उठून बसली. "इतकी वर्षं माझ्याजवळ राहून हेच शिकलात? बरखास्त केली की जुनी परत येत नाही. नवी निवडून आणावी लागते. आणायचीय का नवी?"

"नाही गं बाई."

"मग स्थगित म्हणा. वेळ आली की तीच परत बसते. लाल पेन द्या इकडं."

तिने 'बरखास्त' खोडलं, वर 'स्थगित' लिहिलं. खाली लिहिलं, 'मुदत सहा महिने.' वेलांटी बरोबर पडली. कोपऱ्यात तिने मार्क दिले, दहापैकी चार.

"चारच?"

"पिठल्याचे कापले."

यादवने तो कागद मिठाच्या डब्यावरच्या खिळ्याला अडकवला.

जूनमध्ये राज्यात नवं सरकार आलं. शेजारचा मल्हारी पेपर घेऊन दारात आला. "यादवराव, उठली बरं का राजवट!" मग त्याची नजर भिंतीवरच्या कागदावर गेली आणि त्याने पेपरची घडी घातली. विमलला जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते.

सप्टेंबरात सहा महिने भरले. त्या दिवशी यादवने पिठलं केलं. ते बुडाला लागलं नाही. मग त्याने लाल पेन शोधलं आणि मुदतीच्या ओळीखाली लिहिलं, 'मुदतवाढ.'

मिठाचा डबा उचलला होता, तो त्याने होता तिथेच परत ठेवला.