एका बटणाचं यंत्र

नेपल्समधल्या त्या दुकानात दोनातोने तासभर कॉफीची यंत्रं पारखली. एकाची मूठ तापायची, दुसरं रोज घासावं लागायचं. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. अंथरुणात हातात कप आल्याशिवाय त्याची सकाळ कधी उजाडली नव्हती.

"बायकोसाठीच घेतोय हो," तो विक्रेतीला ऐटीत म्हणाला. "तिचे कष्ट वाचले पाहिजेत."

शेवटी एका बटणाचं यंत्र पसंत पडलं. विक्रेती त्याच्या बायकोला, ओर्तेन्सियाला, ते कसं चालवायचं ते दाखवू लागली.

"मला कशाला? यांना शिकवा," ओर्तेन्सिया म्हणाली. "आणि चांगलं दोनदा सांगा, एकदा सांगून यांच्या डोक्यात काही शिरत नाही. मी तर उद्यापासून बहिणीकडे राहायला चाललेय, कायमची."