कंठमणी

पहिल्याच गाण्यात तिला शंका आली.

लोखंडी कठड्याला पोट टेकवून ती सगळ्यात पुढे उभी होती. ऊन अजून उतरलं नव्हतं. मागे हजारो माणसं एका तालात उड्या मारत होती, पायाखालची जमीन थरथरत होती. ती मात्र उड्या मारायची थांबली होती. मंचामागच्या पडद्यावर गायकाचा चेहरा दोन मजले उंच दिसत होता आणि चेहऱ्याखाली उघडा गळा. फक्त गळ्याच्या मुळाशी काळा रुमाल घट्ट बांधलेला.

"काय झालं वहिनी?" नणंद तिच्या कानाशी ओरडली. "बावीस वर्षं याच्या नावाने आमच्या दादाचं डोकं उठवलंत. आज तो समोर आहे, आणि तुमचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं!"

"त्याचा कंठमणी हलत नाहीये."

नणंद हसली. "त्याच्या गळ्याकडे बघायला आलात का इथे?"

ती नाक-कान-घशाच्या दवाखान्यात नर्स होती. रोज पन्नास गळे बघायची. सूर वर चढला की कंठमणी वर सरकतो, खाली आला की उतरतो. याचा सूर आभाळाला भिडला होता आणि कंठमणी जागच्या जागी.

दुसरं गाणं सुरू झालं. तिचं सगळ्यात आवडतं. कॅसेटवर या गाण्यात, दुसऱ्या अंतऱ्याच्या तोंडाशी, त्याचा श्वास जरा अडकायचा. हुंदका आवरल्यासारखा. ते अडखळणं तिला पोटच्या पोराच्या खोकल्याइतकं ओळखीचं होतं. ती कान देऊन थांबली.

ते अडखळणं आलं. जसंच्या तसं.

"टेप लावलीय," ती म्हणाली. "नुसतं तोंड हलवतोय. बावीस वर्षांनी माणूस त्याच जागी तसाच अडखळत नाही."

नणंद शाळेत शिकवायची. हळू बोलणं तिला ठाऊकच नव्हतं. "म्हणजे हा गातच नाहीये?"

मागचा टोपीवाला पुढे वाकला. "कोण म्हणतं?"

"आमच्या वहिनी. घशाच्या दवाखान्यात असतात."

बातमी मागे सरकली. तिसऱ्या रांगेत पोचेपर्यंत नर्सची डॉक्टरीण झाली होती. दहाव्या रांगेत तिने गायकाचा घसा स्वतः तपासलेला होता. मग कुठूनतरी शिट्टी आली, आणि पाठोपाठ आरोळी, "टेप बंद करा!"

"अहो, ओरडू नका," ती टोपीवाल्याला म्हणाली. "मला आपलं वाटलं."

"वाटलं की दिसलं?"

दिसलं होतं.

आरोळ्या वाढल्या. तिने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. इतक्या उन्हात बाकीचे चौघे बाह्या दुमडून वाजवत होते. मग यालाच रुमाल कशाला? तोही असा, नेमका गळ्याच्या खळग्यावर? असे रुमाल तिने पाहिले होते. दवाखान्यात तिच्याच टेबलासमोर बसून घशाचं ऑपरेशन झालेली माणसं ते सोडायची, मान वळवून, कोणाकडे न बघता. आपण बोललो नसतो तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

तेवढ्यात ड्रमवाल्याने काठ्या मांडीवर ठेवल्या आणि पाण्याची बाटली उघडली.

ती चपापली. या गाण्यात ड्रम इथे थांबत नाही. कधीच नाही.

ड्रमवाला दोन घोट प्यायला. मग गायकाने हात वर केला. बाकीची वाद्यंही एकदम थांबली. त्याचा आवाजही थांबला, पण तोंड अजून हलत होतं. मैदानात एकच गलका झाला.

गायकाने रुमाल सोडला. पडद्यावर व्रण दिसला, बोटभर लांब, अजून गुलाबी. फार तर सहा महिन्यांचा, तिने मनात म्हटलं.

"बरोबर बोलताय तुम्ही," तो म्हणाला. फरशीवरून जड खुर्ची ओढावी तसा आवाज. "आतापर्यंत टेप होती. पुढचं मी गातो. जमेल तसं."

आणि तो गायला. दोन ओळी. सूर चढेना, मधेच फाटे, शब्द अर्ध्यावर विरून जाई. कंठमणी मात्र हलत होता. वर जायचा, थरथरायचा, खाली घसरायचा. तिसऱ्या ओळीला त्याचा आवाज गेलाच, तेव्हा मैदानाने ती ओळ उचलली. हजारो माणसं गाऊ लागली. टोपीवाल्याने टोपी काढून छातीशी धरली.

नणंदेच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने वहिनीचा दंड घट्ट पकडला. "तुमच्यामुळे झालं हे. तुम्ही ओळखलं नसतंत, तर त्याने कबूल केलं असतं का?"

"त्याच्या दोन्ही कानांत वाद्यं ऐकायची यंत्रं आहेत, बाहेरचा आवाज बंद करणारी," ती म्हणाली. "आपलं ओरडणं त्याला ऐकू गेलं असेल?"

"अहो, कळत असेल त्याला! आता आणखी कसला संशय? तो व्रण खोटा आहे का?"

"नाही. व्रण खरा आहे."

"आणि आवाज?"

"आवाजही खरा."

"मग?"

सगळ्यांबरोबर तीही गाऊ लागली, मोठ्याने, एक शब्द न चुकता. नजर मात्र ड्रमवाल्यावर होती. गायकाचा हात अजून खालीच होता, आणि ड्रमवाल्याने मघासारखीच इशाऱ्याची वाट न बघता बाटलीचं झाकण लावून काठ्या उचलल्या होत्या.