माणशी एक गुंडा

बायकांना माणशी एकच लोकरीचा गुंडा द्यायचा आणि तीन महिन्यांनी त्यांच्याकडे चार-चार वस्तू मागायच्या. हे ज्याने कुणी कागदावर मांडलं, त्याने जन्मात कधी क्रोशाची सुई हातात धरलेली नसणार.

दिंडोशीच्या वसाहतीतल्या समाजमंदिरात आज मोफत क्रोशावर्गाची परीक्षा होती. टेबलामागे परीक्षक, सर्वेश नावाचा, पुढ्यात टॅब. बाई यायची, वस्तू मांडायची, तो फोटो काढायचा, पुढची. रत्नप्रभाची पाळी आली तेव्हा तिने पिशवीतून गुंडा काढून ठेवला. नुसता गुंडा. केशरी लोकर, मळलेली, जागोजागी तूस निघालेली.

"वस्तू?"

"ह्यातच होत्या. रुमाल, टोपी, पिशवी, तोरण. एक झालं की उसवायचं आणि त्याच लोकरीचं दुसरं करायचं. नीलममॅडमनीच सांगितलं होतं."

वर्ग शिकवणारी नीलम खिडकीशी उभी राहून हजेरीपट चाळत होती. तिने मान वर केली नाही.

रत्नप्रभाला जे काही आलं ते उसवण्यातच आलं होतं. पहिले पंधरा दिवस तिचा चौकोनी रुमाल दर ओळीला आत-आत जायचा आणि शेवटी त्रिकोण होऊन बसायचा. अकरा वेळा उसवला. बाराव्या वेळी कळलं, ओळ पालटताना काठाचा शेवटचा खांब, म्हणजे उभा टाका, आपण गाळतोय. डोळ्यांना ओळ पूर्ण दिसते, पण ती पूर्ण नसते. तिथून पुढे त्रिकोण झाला नाही. उलट दुसरीचा रुमाल नुसता हातात घेतला तरी तिला समजायचं, ही कुठे चुकतेय.

"साहेब, इथे बसून करून दाखवते. अर्धा तास द्या."

"मावशी, अजून तीस जणी आहेत. फोटो अपलोड झाल्याशिवाय सिस्टीम पुढे जात नाही. काही असेल तर दाखवा, नाहीतर गैरहजर लावतो."

"गैरहजर? तुमच्यासमोर उभी आहे मी."

"मग नापास लावू?"

तो चेष्टा करत नव्हता. वस्तू नसेल तर टॅबवर तेवढेच दोन पर्याय होते.

आरेतल्या एका पाड्यावरच्या शाळेला हस्तकला शिकवायला बाई हवी होती. रत्नप्रभा जाऊन आली होती. तिचा हात कसा आहे हे तिथे कुणी विचारलं नाही, सर्टिफिकेट आहे का एवढंच विचारलं. पुढच्या वर्गाला ती बसू शकत नव्हती. वयाची अट पंचेचाळीस, आणि तिची पंचेचाळीस ह्याच महिन्यात पुरी होत होती. जे काय व्हायचं ते आज, ह्या टेबलावर.

श्वेताने तिचा दंड धरून बाजूला ओढलं. श्वेता तिच्याच बिल्डिंगमधली, वर्गात शेजारी बसणारी.

"मला माहीतच होतं तू रिकाम्या हाती येणार. हा घे, तुझा पण चार वस्तूंचा सेट आणलाय. बोरीवलीला, स्टेशनबाहेर तयार मिळतात. ठेव टेबलावर आणि गप राहा."

"हे मी केलेलं नाही गं."

"मग मी केलंय? आख्ख्या वर्गाने तिथूनच आणलंय, ताई. तुझा खरेपणा काय शोकेसमध्ये ठेवायचाय?"

रत्नप्रभाने वरचा रुमाल घेतला, उलटा केला, अंगठ्याने चाचपला. बोटाला खांब लागेना. क्रोशा नव्हताच तो. यंत्रावरची जाळी होती, काठ तापवून चिकटवलेले. उसवायला गेलं तर सुटणार नव्हती, नुसती फाटली असती. असल्या वस्तूकडून माणूस शिकणार काय?

तिने तो सेट टेबलावर मांडला.

"हे आधी काढायचं ना, मावशी." सर्वेशने रुमाल उजेडात धरला. "झकास फिनिशिंग आहे. सकाळपासून एकेकीचं असंच सफाईदार काम बघतोय." त्याने टॅबवर बोट दाबलं. उत्कृष्ट. "आता हा हातात धरा. वस्तूबरोबर चेहरा लागतो. हसा थोडं."

तिने जाळी छातीशी धरली. हसली. फोटो चांगला आला.

दाराकडे न जाता ती सरळ खिडकीशी गेली.

"झालं ना तुमचं?" नीलम म्हणाली. "छान झालं. खरंच. माझ्या हातात काय असतं हो, वरून जे येतं ते…"

"वरचं राहू द्या." रत्नप्रभाने हजेरीपटावर पंजा ठेवला. "ते सर्टिफिकेट त्या जाळीला मिळालं. तीन महिने माझा हात फक्त तुम्ही बघितलाय. पाड्यावरची पोरं उद्या मला बाई म्हणतील. त्यांच्यापुढे उभी राहायच्या आधी मला एक कळू दे. मला विणता येतं की नाही?"

नीलमने टेबलाकडे बघितलं. सर्वेशने पुढचं नाव पुकारलं. तिने हजेरीपट हलकेच ओढून बघितला. तो सुटला नाही.

"हळू बोला ना, रत्नप्रभाताई."

"हळूच विचारतेय. येतं की नाही?"