थेंबांची टोकं

राधानगरी रोडवरच्या डेअरीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये स्टीलच्या टेबलावर पडलेला थेंब खालून वर गोठत जायचा आणि त्याला सरळ वर टोक यायचं. हुसेनबी रोज सकाळी पत्र्याच्या पट्टीनं ती टोकं खरवडायची.

आज सगळी टोकं मागच्या भिंतीकडं झुकली होती.

"त्या भिंतीत कायतरी हाय," तिच्या आधीपासून दारात उभा असलेला सुपरवायझर गणपती म्हणाला. "काम सोडून घरी जा."

"मी न्हाय जायची, गणपतीभाऊ. भिंतीला भितंय कोण?"

तो आत आला आणि टेबलाला वळसा घालून भिंतीपाशी उभा राहिला. तेवढ्यात एक थेंब पडला. गोठताना त्याचं टोक गणपतीपासून लांब, दाराकडं झुकलं.

हुसेनबीनं पट्टी घट्ट धरली. इतकी वर्षं भाऊ म्हटलेल्या माणसाला ती परक्याला म्हणावं तसं म्हणाली,

"पावणं, हितनं तुमी जायचं."