बारीक मुठीचं पिस्तूल

"अजून बारीक कर," खुशालराव पाटील म्हणाले.

चंद्रभान लोहारानं पिस्तुलाची लाकडी मूठ घासायची थांबवली आणि पाटलांच्या हाताकडं पाहिलं. फावड्यासारखा पंजा! वलगावहून अमरावतीला हा माणूस दोन-दोन दिवसांनी यायचा, आणि दर खेपेला नवीनच खूळ.

"पाटील, तुमच्या हातात हे बसन काय?"

"म्हातारपनी हात वाळते बाप्पा. तू घास."

खटकाही हलका हवा होता, लेकराच्या बोटानं सुटावा असा. नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी मोठी हवी होती, चांदीची, अधू डोळ्यांना दिसणारी. चंद्रभाननं तीही बसवून दिली.

पिस्तूल मोठं लाडकं होतं. तिकडं अमेरिकेत लढाई पेटली, इकडं वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या साली खुशालरावांनी आणि त्यांच्या बालमित्रानं, नत्थुजीनं, मुंबईच्या दलालाकडून जोडी घेतली, एकेकाला एक. लहानपणी दोघं ज्वारीच्या मचाणावर उभं राहून गोफण फिरवायचे. पाखरं राहायची बाजूला, शेजाऱ्यांची मडकीच फुटायची. पुढं नत्थुजी तेल्हाऱ्याच्या शेतीवर गेला, तरी दर दसऱ्याला वलगावला यायचाच. बाभळीला नारळ टांगायचा, दोघांनी गोळी झाडायची.

"काय दिवस होते राजा!" खुशालराव म्हणाले आणि उपरण्यानं डोळे पुसले. "औंदा नत्थ्याच्या अंगावरून वारं गेलं. बोटाच्या काड्या झाल्या. म्हनते, या दसऱ्याले नारळ नाही फुटला माह्या हातून, त पुन्हा वलगावले येत नाही."

चंद्रभानची कानस हातातच राहिली. "आन् तुमी त्याले हरवाले पिस्तूल सजवून राहिले?"

"मले हे दसऱ्याच्या आत पायजे."

"अजी, जन्मभर तुमीच जिंकले. एक डाव सोडा न त्याले!"

"मुद्दाम सोडला त थुकन तो माह्या तोंडावर. तू आपलं काम कर."

असा संताप आला चंद्रभानला, की पिस्तूल भट्टीतच फेकावं. पण हाती घेतलेलं काम बिघडवणं त्याच्या रक्तात नव्हतं. दात-ओठ खात त्यानं ते पुरं केलं.

दसऱ्याला तो वलगावला गेला, तोही रागानंच. नत्थुजीला दोघा गड्यांनी धरून गाडीतून उतरवलं.

"खुशाल्या!"

"आला का बे, नत्थ्या!"

दोघं म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडले आणि भर शिवारात लेकरांसारखे रडले. मग नत्थुजीनं शेल्यातून आपलं पिस्तूल काढलं. जाडजूड मूठ, जुना कडक खटका. ते नुसतं धरताना त्याचा हात लटलट कापत होता.

चंद्रभानला बघवेना. शेजारी पाटलीण गोदाबाई उभ्या होत्या. "वहिनी, हा कसला दोस्त म्हनावं? बिमार मानसासंगं अशी चढाओढ!"

"थांबा न भाऊ," गोदाबाई म्हणाल्या. "आजून रीत व्हायची हाय."

खुशालरावांनी आपलं पिस्तूल नत्थुजीसमोर धरलं.

"घे लेका. अन् तुह्यं इकडं आन. गोफणीपासूनची रीत मोडाची नाही. मी तुह्या हत्यारानं, तू माह्या."

नत्थुजीची वाळकी बोटं त्या बारीक मुठीवर बरोबर बसली.