चाळीस डब्या

"कोरी नळी बघ ना, दिपिका! तिच्यात काहीच नाही," अविनाश तिसऱ्यांदा म्हणाला. "माझ्या हातून नमुने एकमेकांत मिसळले असते, तर तिच्यातही काहीतरी आलं असतं."

पनवेलच्या त्या प्रयोगशाळेत दर वेळी नमुन्यांसोबत एक नळी नुसत्या पाण्याची ठेवायची पद्धत होती. इकडचं तिकडे जरा गेलं, की पहिली चुगली तीच करायची. आज ती गप्प होती. पण दिपिकाचं डोकं आधीच फिरलं होतं.

फिरणार नाही तर काय! कोन गावच्या चाळीस बायका, चाळीस पोटं, आणि आतले जिवाणू मात्र सगळ्यांचे जवळजवळ सारखेच, अगदी प्रमाणासकट. असं होतं कधी? सख्ख्या बहिणींचं जुळत नाही. तिची तीन वर्षांची पीएचडी या चाळीस नमुन्यांवर उभी होती.

"कोरी नळी मागाहून बदलायला कितीसा वेळ लागतो?" ती म्हणाली. "कंटाळा आला ना तुला? एकाच डबीतून चाळीस नळ्या भरल्यास आणि मोकळा झालास!"

अविनाशनं हातातली नळी खाली ठेवली. पहिल्या वर्षी तिचा हात थरथरायचा, तेव्हा एवढासा थेंब नीट कसा उचलायचा हे त्यानंच शिकवलं होतं. त्याच्या बायकोच्या डोहाळजेवणाला ती घरच्यासारखी राबली होती. आणि अशा माणसानं केसानं गळा कापावा! तिला रडू येत होतं, आणि त्याच्यासमोर तर मुळीच रडायचं नव्हतं.

"हे तू मला म्हणतेस?"

"नमुने माझ्या आईनं आणलेत, अविनाश. ते नीटच होते. मग घोळ कुठे झाला, तूच सांग."



आईचा तिला केवढा अभिमान! खारघरच्या फ्लॅटमधल्या शिकल्यासवरल्या बायकांनी, शौचाचा नमुना मागितल्यावर, 'शी, काहीतरीच काय' म्हणत दारं लावून घेतली होती. तिच्यासोबत पीएचडी करणाऱ्या बिचाऱ्या रियाला तिकडे महिनाभरात सात डब्या मिळाल्या. आणि इकडे कोनला दिपिकाची आई, भामाबाई, चौथी शिकलेली, रोज एक घर गाठायची. सकाळी दिपिका लॅबला निघाली, की नंबर घातलेली एक डबी तयार. चाळीस दिवसांत एक खाडा नाही.

विभागप्रमुख प्रभाकर सरांनी दोघांचंही ऐकून घेतलं. "लेखी तक्रार दिलीस, तर त्याला आजच्या आज जावं लागेल," ते म्हणाले. "पुढे कुठलीही लॅब त्याला दारात उभं करणार नाही. विचार कर."

दिपिकानं सही केली. अविनाशनं आपला कप्पा रिकामा केला आणि कुणाशी एक शब्द न बोलता निघून गेला.

घरी आल्यावर मात्र तिचा बांध फुटला. आई ओट्यावर सुकट निवडत बसली होती. तिच्याशेजारी बसून दिपिकानं रडत रडत सगळं सांगितलं. आईचा हात थांबला.

"काढला त्याला? पार काढला?"

"काढला. तीन वर्षांचा मित्र, आई! मला इतकं फसवलं त्यानं." तिनं डोळे पुसले. "आता पुन्हा सगळं करायचं. तुला परत त्याच चाळीस जणींकडे जावं लागेल. ते तुझ्याशिवाय कुणाला जमायचं नाही."

आईनं सुकट बाजूला सारली.

"दिपे, त्या पोराला परत बोलव."

"काय?"

"त्याचा काय दोस नाय गो. पयल्याच घरी बाया फिदीफिदी हसल्या माज्यावर. मंग मी कुनाकडं गेलेच नाय. तुजा हिरमोड नको म्हनून... चाळीसच्या चाळीस डब्या माज्याच हायत."