ताटाएवढा डाग

ओट्यावर डाग होता. पांढऱ्या संगमरवरावर, शेगडीच्या डाव्या अंगाला, ताटाएवढा. काळा नाही, पिवळा नाही. नुसती चकाकी गेलेली. दगडाची साल काढल्यासारखी.

"हात आहेत की कुऱ्हाड?" ताई कडाडल्या. "अकरा वर्षं झाली कामाला, अजून अक्कल नाही. डोळे फुटले होते? अडाणी ती अडाणीच!"

हे ऐकायला शेजारीणही बोलावून घेतली होती. ती दारात, हनुवटीवर बोट ठेवून. साहेब जेवणाच्या टेबलाशी, मोबाइलमध्ये मान घालून.

कामवालीनं डागावर बोट फिरवलं. खरखर.

"संडास धुवायचं अ‍ॅसिड आहे हे. दगड खातं ते. मी इथं कधी घालत नाही. मीच तुम्हाला सांगितलं होतं ना, ताई?"

"मग काय भुतानं घातलं?"

"घासलंय कसं, ते बघा."

खिडकीच्या उजेडात तिरकं पाहिलं की चरे दिसत होते.

गोल.

गोल.

गोल.

"मी गोल घासत नाही. खांदा फिरत नाही माझा." तिनं उजवा हात उचलला. तो छातीशीच अडला. "तुमचा पंखा पुसताना पडले, तेव्हापासून. हात सरळ जातो, सरळ येतो. या घरातली एक काच, एक फरशी मी गोल पुसलेली नाही. आणि काल माझी सुट्टी होती."

शेजारणीचं बोट हनुवटीवरून खाली आलं.

काल ताईही घरी नव्हत्या. दिवसभर बहिणीकडे होत्या.

मोबाइल टेबलावर पालथा पडला.

"चहा सांडला होता," साहेब म्हणाले. "निघेना. बाटलीवर लिहिलं होतं, सगळे डाग जातात म्हणून."

ताईंनी डागाकडे पाहिलं. मग

ताई हसल्या.

"अहो, कमाल करता हं तुम्ही! सांगायचं तरी!"

"पुरुषांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की असंच," शेजारीण म्हणाली. साहेबही हसले. ताई डोळे पुसत कामवालीकडे वळल्या. "जाऊ दे गं. चहा घेतेस?"

कामवाली फडकं पिळत होती. पाणी संपलं तरी पिळत होती.

"चहा नको. मघाशी मला बोललात ना? कुऱ्हाड. अक्कल. डोळे. अडाणी. तेच आता यांना बोला. एक शब्द गाळायचा नाही."

हसणं थांबलं. ताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं.

साहेब खुर्चीतून अर्धे उठले. कामवालीकडे बोट करून, अगदी हळू आवाजात म्हणाले,

"हिच्यासमोर?"